प्रौढ शिक्षा की प्रौढ शिक्षण?

काही वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्याकडे आलेले एक आप्त इंदुराहून महूकडे जाताना राऊच्या आसपास एका जुन्या भिंतीकडे टक लावून पाहू लागले. पावसाने धुपलेल्या त्या भिंतीवर ‘प्रौढ शिक्षा केंद्र’ एवढी अक्षरे अजून शिल्लक होती. थोड्या वेळाने त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले, “अहो, तुमच्या प्रांतात प्रौढांना शिक्षा करायला स्वतंत्र केंद्र लागतं?” हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे आपणा बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना सांगावयास नको. त्या दिवशी आम्ही पोटभर हसलो. पुढे मात्र राऊच्या एका रविवारच्या वर्गात प्रौढांना शिकविण्याची जबाबदारी आम्हांवर आली, तेव्हा त्या प्रश्नात विनोदापेक्षा सत्यच अधिक आहे, असे आम्हांस वाटू लागले. दीडदोन तास एका जागी बसवून, फळ्याकडे तोंड करून, चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना आम्ही जे देत होतो, ते शिक्षण मराठी अर्थाने होते की ‘शिक्षा’ मराठी अर्थाने, याचा निर्णय करणे कठीण होते.

राऊ हे इंदूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, आग्रा-मुंबई रस्त्यावरचे गाव. एकेकाळी इंदूर-महूच्या मधले एक लहानसे स्टेशन एवढीच त्याची ओळख. पुढे पलीकडे पीथमपूरचे कारखाने आले; १९९६ साली इंदूरला भारतीय प्रबंध संस्था स्थापन झाली आणि तिचे आवार राऊच्या टेकडीवर उभे राहिले; शेतांच्या जागी वसाहती आल्या. इंदूरच्या जुन्या वाड्यांतून निघालेली कितीतरी मराठी कुटुंबे या वसाहतींत येऊन राहिली. वाड्यात होती तोवर मराठी वेगळी शिकवावी लागत नव्हती, ती जिन्यावरून, विहिरीवरून, शेजारच्या आजीच्या ओरडण्यातून आपोआप कानांवर पडे. वसाहतीत तसे शेजार नाहीत. मुलगा कारखान्यात दिवसभर हिंदी बोलतो, सून कानपूरची किंवा उज्जैनची, नातवंडांची शाळा इंग्रजी. घरात मराठी उरली ती देवघरात आणि आजी-आजोबांच्या आपसांतल्या बोलण्यात.

म्हणून आम्ही चौघांनी ठरविले की मुलांच्या वर्गाआधी त्यांच्या आईबापांसाठी मराठीचा वर्ग काढावा. पहिल्या रविवारी चोवीस जण आले. त्यांत परप्रांतीय सुना होत्या, मराठी आडनाव असूनही मराठी वाचताना अडखळणारे तरुण अभियंते होते, एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते आणि लहानपणी शाळा सुटलेल्या, अक्षरओळख विसरत चाललेल्या एक आजीही होत्या. आम्ही तयारी कसून केली होती. नाम, सर्वनाम, लिंग, वचन, विभक्ती या क्रमाने फळा भरत गेला. सहाव्या रविवारी नऊ जण उरले. त्यांतले दोघे आम्हांला वाईट वाटू नये म्हणून येत असावेत.

बटाटा तो, भेंडी ती, वांगे ते

सातव्या रविवारी नेहमीची खोली मिळाली नाही, म्हणून एका विद्यार्थिनीच्या घरामागच्या अंगणात वर्ग भरला. त्या दिवशी सर्वांनी मिळून जेवावयाचे ठरले होते, त्यामुळे भाजीच्या टोपल्या मध्येच मांडलेल्या. भाजी निवडता निवडता एका सूनबाईंनी विचारले, “बटाटा ‘तो’, भेंडी ‘ती’, आणि वांगं मात्र ‘ते’. हे तिसरं आलं कुठून?” प्रश्न रास्त होता. हिंदीत लिंगे दोनच. मराठीतले नपुंसकलिंग हिंदीभाषकाच्या डोक्यात शिरता शिरत नाही. म्हणूनच आपल्या माळव्यातल्या मराठीत ‘पुस्तक मिळाली’, ‘दही चांगला लागला’, ‘आवाज आली’ असे प्रयोग सर्रास ऐकू येतात.

फळा हाताशी नव्हता. आमच्यातल्या एकाने अंगणाचे तीन कोपरे दाखविले आणि म्हटले, “हा ‘तो’चा कोपरा, ही ‘ती’ची भिंत, आणि तुळशीजवळ ‘ते’. हातात जे असेल ते घेऊन आपापल्या जागी जा पाहू.” पहिल्यांदा सगळे संकोचले. मग कांदा आणि बटाटा एकीकडे गेले, पोळी आणि मिरची दुसरीकडे; वांगे, लिंबू, मीठ, ताट आणि पाणी तुळशीपाशी जमले. चहाचा पेला घेतलेले एक अभियंता ‘ती’च्या भिंतीकडे निघाले, कारण हिंदीत चाय स्त्रीलिंगी. अर्ध्या वाटेवर आजी म्हणाल्या, “अरे, चहा झाला म्हणतो ना आपण? झाली कुठं म्हणतो?” ते हसत हसत मागे वळले. त्या दिवसानंतर त्यांनी ‘चहा झाली’ म्हटलेले आम्ही ऐकले नाही. सहा रविवार फळ्यावर लिहून जे झाले नाही, ते अंगणातल्या आठ पावलांनी झाले.

हा योगायोग असेल असे समजून आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रयोग केला. तोही साधला. तेव्हा थोडे वाचन करावे असे मनाने घेतले.

अंगवळणी पडणे

वाचू लागल्यावर कळले की आम्ही नवे काही केले नव्हते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० नंतरच्या दशकात परभाषा शिकविण्याची अशीच एक रीत मांडली होती. शिक्षकाने नव्या भाषेत ‘उठा’, ‘चाला’, ‘खिडकी उघडा’ अशा आज्ञा द्याव्यात आणि विद्यार्थ्यांनी बोलण्याची घाई न करता त्या शरीराने पाळाव्यात. मूल नाही का, बोलू लागण्याच्या कितीतरी आधी ‘ये’, ‘बस’, ‘दे’ हे ओळखते! त्याच देशातील माल्कम नोल्स यांनी प्रौढांच्या शिक्षणाचा विचार मुलांच्या शिक्षणाहून वेगळा करावा, असा आग्रह धरला. प्रौढ मनुष्य रिकामे भांडे घेऊन वर्गात येत नाही. तो अनुभव घेऊन येतो. शिकलेले लगेच उपयोगी पडावे अशी त्याची अपेक्षा असते आणि आपला मान राखला जावा अशी इच्छा असते.

पण एवढ्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपल्या भाषेनेच हा भेद फार पूर्वी ओळखलेला आहे. शब्दांनी शिकलेले ते ‘तोंडपाठ’ आणि देहाने शिकलेले ते ‘अंगवळणी’. हात बसणे, हातखंडा असणे, पायाखालची वाट असणे, हे सारे शब्दप्रयोग एकच सांगतात की ज्ञान पक्के झाले की ते अवयवांत जाऊन बसते. मंगळागौरीच्या रात्री पिंगा आणि झिम्मा खेळणाऱ्या बायकांनी ती लांबलचक गाणी कधी वहीत उतरवून पाठ केली होती काय? पाऊल पडले की पुढची ओळ ओठांवर येते.

राऊच्या आसमंतातच पाहावे. इंदूरला १९२४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड. शेतातला काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजली, ती इथली. १९३१ साली या विषयावर जो ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे, ही गोष्ट मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. ही कृती ऐकण्यास सोपी आहे. थरांवर थर द्यावयाचे, ओल राखावयाची आणि तीन महिन्यांत तीनदा ढीग उलटावयाचा. पण ओल किती म्हणजे पुरेशी आणि ढीग तापला म्हणजे किती तापला, हे फावडे हाती घेतल्यावाचून आणि ढिगाला हात लावल्यावाचून कोणाही शेतकऱ्याला उमगणार नाही. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता महात्मा गांधींनीही ही संस्था जातीने पाहिली होती. हाताने शिकण्याचा आग्रह त्यांनी दोनच वर्षांनी, १९३७ साली, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ‘नई तालीम’ म्हणून देशापुढे ठेवला.

राऊच्या दुसऱ्या बाजूला महू. तेथे इन्फंट्री स्कूल आहे, आणि १९७१ साली ‘कॉलेज ऑफ कॉम्बॅट’ म्हणून स्वतंत्र झालेली व २००३ पासून ‘आर्मी वॉर कॉलेज’ म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. लष्करातील शिक्षणाची एक जुनी रीत अशी की वाळूत टेकड्या, नाले, रस्ते यांची प्रतिकृती करावयाची आणि अधिकाऱ्यांनी तिच्याभोवती उभे राहून हालचाली ठरवावयाच्या. दुसरी रीत अशी की सैन्य बरोबर न घेता नुसत्या अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जमिनीवर जावे, चढावे, उतरावे आणि ‘शत्रू त्या झाडामागे आहे, आता काय कराल?’ या प्रश्नाला तेथेच उत्तर द्यावे. पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेल्या, वयाने प्रौढ असलेल्या अधिकाऱ्यांना ज्या कारणासाठी टेकडीवर चालवितात, त्याच कारणासाठी आमच्या अभियंत्यांना चहाचा पेला घेऊन अंगणात चालावे लागले, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये.

इंदूरजवळच कस्तुरबाग्राम आहे. १९४४ साली कस्तुरबा गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या न्यासाने ग्रामसेविका घडविल्या. इंदुरातच १९८५ पासून बारली संस्था ग्रामीण आणि आदिवासी स्त्रियांना आपल्याकडे ठेवून घेऊन शिकविते. बारली म्हणजे भिल्लांच्या घराचा मधला खांब. शिवण, शेती, आरोग्य आणि अक्षरे या साऱ्या गोष्टी तेथे एकत्र चालतात. या संस्थेला १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान मिळाला. तो झाबुआ जिल्ह्यातील नारूनिर्मूलनाच्या कामासाठी होता. पाण्यातून होणारा हा रोग घालवावयाचा तर पाणी गाळून पिण्याची सवय लागली पाहिजे. आणि सवय ही व्याख्यानाने लागत नाही, ती हाताला लावावी लागते.

महाराष्ट्रातही १९५९ साली सातारा जिल्ह्यात जी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तिच्यात गाव साक्षर झाले की सारा गाव मिळून ग्रामगौरव समारंभ करी. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. पुढे १९९० च्या सुमारास कलाजथे गावोगाव फिरू लागले, तेव्हा अक्षराचे महत्त्व गाण्यातून आणि पथनाट्यातून लोकांपुढे गेले. याच काळात गावकऱ्यांकडून गावाचा नकाशा जमिनीवर काढून घेण्याची पद्धत देशात रुजली. रांगोळी, राख, खडे, पाने, जे मिळेल ते घ्यावयाचे. कागदावरचा नकाशा ज्याच्या हाती लेखणी त्याचाच होतो; जमिनीवरचा नकाशा ज्याच्या हाती काठी त्याचा, आणि काठी निरक्षर म्हातारीच्या हातीही येऊ शकते. या साध्या गोष्टीने कितीतरी गावांत गप्प बसणाऱ्यांना बोलते केले.

आमच्या वर्गातील खेळ

हे सारे वाचून आम्ही आमचा अभ्यासक्रम मोडला आणि नव्याने बांधला. वाचकांपैकी कोणाला आपल्या गावी उपयोग व्हावा म्हणून त्यातील काही गोष्टी सांगतो.

पहिला खेळ तीन कोपऱ्यांचा. तो वर आलाच आहे. त्यात एक दोष मात्र आढळला. चार जण एका कोपऱ्याकडे निघाले की बाकीचे न विचार करता त्यांच्या मागे जातात. म्हणून आता प्रत्येकाने आधी आपले उत्तर चिठ्ठीवर लिहावयाचे आणि टाळी वाजली की सर्वांनी एकदम निघावयाचे, असा नियम केला. याचा मोठा लाभ शिक्षकाला होतो. कोणाला काय आले आणि काय आले नाही, हे एकेकाला उभे करून विचारावे लागत नाही. पावलेच सांगतात.

दुसरा खेळ रेघेचा. अंगणात एक रेघ ओढावयाची आणि एकेक शब्द उच्चारावयाचा. हिंदीत आणि मराठीत अर्थ एकच असेल तर रेघेच्या अलीकडे राहावयाचे, वेगळा असेल तर पलीकडे उडी. ‘पुस्तक’ला सारे अलीकडे राहिले, ‘शिक्षा’ म्हणताच पलीकडे उड्या पडल्या. ‘चेष्टा’ हा शब्द आला तेव्हा अर्धे इकडे, अर्धे तिकडे. हिंदीत ती प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ हिंदीत सारे जग, मराठीत घरातली चूल आणि मुले. यावर मुख्याध्यापक म्हणाले, “आमच्या पिढीला दोन्ही एकच होते.”

तिसरा खेळ आज्ञांचा, आशर यांच्या रीतीने. ‘उजवीकडे वळा’, ‘दार लोटा’, ‘डबा फडताळात ठेवा’. ‘फडताळ’, ‘उंबरठा’, ‘माळा’, ‘कोनाडा’ हे शब्द नव्या घरांतून जात चालले आहेत. ते दाखविण्यासाठी आम्ही एका जुन्या घरी वर्ग नेला आणि प्रत्येकाला उंबरठा ओलांडावयास लावला.

चौथा खेळ नकाशाचा. खडूने अंगणभर राऊचा नकाशा काढावयाचा. मध्ये महामार्ग, एका अंगाला स्टेशन. प्रत्येकाने आपल्या घरावर उभे राहावयाचे आणि शेजारणीला आपल्याकडे येण्याची वाट मराठीत सांगावयाची. या खेळाच्या दिवशी आजी कितीतरी वेळ काठावरच उभ्या राहिल्या. मग नकाशाच्या बाहेर, थेट भिंतीपाशी जाऊन म्हणाल्या, “माझं घर इथं. इंदुरात. आता ते पाडलं.” तेथे उभ्या राहून त्यांनी त्या घराचा चौक, विहीर, माडी, भाडेकरू, सारे बोट दाखवून सांगितले. कोण कोठे राहत असे ते सांगताना त्या जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारख्या पावले उचलत होत्या. एरवी वर्गात दोन वाक्यांपलीकडे न बोलणाऱ्या आजी सुमारे अर्धा तास बोलल्या आणि तरुण मंडळी ऐकत राहिली. पुढच्या रविवारी त्यांनी त्या घराविषयी पाच ओळी स्वतः लिहून आणल्या. अक्षर वेडेवाकडे होते. त्यात एकही ओळ आमची नव्हती.

आम्ही आणि आपण

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो. संबंधित घराच्या संमतीने सांगत आहोत. नावे सांगण्याचे कारण नाही.

हिंदीतल्या एका ‘हम’साठी मराठीत दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला सोडून जे आपले, ते ‘आम्ही’. ऐकणाऱ्याला धरून जे आपले, ते ‘आपण’. जन्मापासून मराठी बोलणाऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही, म्हणून तो शिकवावा लागतो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. इंदूरच्या हिंदीत ‘अपन’ आहे, त्यामुळे इथल्या सुनांना तो लवकर समजतो. पण गंगेकाठच्या प्रांतात तशी सोय नाही. तिकडे एकटा मनुष्यही स्वतःला ‘हम’ म्हणतो.

आम्ही हा भेद हात धरून शिकवितो. पाच-सहा जणांनी हात धरून कडे करावयाचे आणि एकाने बाहेर उभे राहावयाचे. कड्यातली मंडळी बाहेरच्याला म्हणतात, “आम्ही देवळात जातो.” कडे मिटलेलेच राहते. मग म्हणतात, “आपण देवळात जाऊ.” तेव्हा कडे उघडते आणि बाहेरच्याचा हात धरून त्याला आत घेते. एवढाच खेळ.

त्या दिवशी कानपूरकडच्या एक सूनबाई कड्यात होत्या. त्यांच्या सासूबाई वर्गाच्या विद्यार्थिनी नव्हत्या; अंगण त्यांचे म्हणून त्या भिंतीशी खुर्ची टाकून बसत. दोनतीनदा कडे उघडले, मिटले. मग सूनबाईंनी शेजारणीचे हात सोडले आणि आम्हांला विचारले, “म्हणजे मी संध्याकाळी म्हणते, ‘आम्ही जेवायला बसू’, ‘आम्ही रविवारी उज्जैनला जाऊ’, त्यात आई नसतात?”

आम्ही काही बोलण्याआधीच खुर्चीवरून उत्तर आले. “नसतेच. चार वर्षं झाली, मी वेगळीच जेवते ना.”

अंगणात कोणी बोलेना. सूनबाई म्हणाल्या, “मी तर सगळ्यांनाच म्हणत होते, आई. मला वाटायचं, तुम्हांलाच आमच्याबरोबर बसायचं नसतं.” सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “मला वाटायचं, तुमचं दोघांचं चाललंय. मध्ये कशाला पडा.” मग सूनबाई त्यांच्यापाशी गेल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, “चला. आपण.” सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या उठल्या नाहीत. तेव्हा सारे कडेच त्यांच्या खुर्चीभोवती येऊन उभे राहिले.

एका सर्वनामाने घर सावरते, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. त्या घरात आणखीही प्रश्न आहेत, जसे ते सर्व घरांत असतात. पण चार वर्षे एका घरात दोन ताटे वेगळ्या वेळी वाढली जात होती, आणि त्याचे एक कारण व्याकरणातले होते, हे त्या दिवशी उघड झाले. हाच भेद आम्ही दुसऱ्या रविवारी फळ्यावर लिहिला होता. सूनबाईंनी तो वहीत उतरवूनही घेतला होता. वही त्यांनी नंतर आम्हांला दाखविली. टिपण अगदी बरोबर होते.

काही पथ्ये

हे वाचून कोणी सरसकट सगळे वर्ग अंगणात नाचवू लागेल, म्हणून चार पथ्ये सांगणे आवश्यक वाटते.

प्रौढाला खेळ आवडतो, पण आपल्याला मूल समजून खेळविले जात आहे असे वाटले की तो परत येत नाही. आमचे मुख्याध्यापक पहिल्या खेळाच्या दिवशी स्पष्ट म्हणाले, “मी आयुष्यभर पोरांना उभं केलं, आता या वयात मला उभं करू नका.” आम्ही त्यांना शब्द निवडण्याचे आणि शेवटी निवाडा देण्याचे काम दिले. तिसऱ्या रविवारी ते आपण होऊन रेघेवर आले. कोणालाही भाग पाडू नये. बसून पाहणाराही शिकत असतो.

दुसरे पथ्य शरीराचे. कोणाचे गुडघे, कोणाचा रक्तदाब, कोणाची साडी, हे आधी पाहावे. उडी न मारता एक पाऊल टाकले तरी चालते. पाऊल शक्य नसेल तर हात वर करावा. स्त्रीपुरुषांनी परस्परांचे हात धरणे ज्यांना प्रशस्त वाटत नाही, त्यांच्यासाठी आम्ही ओढणीची टोके धरून कडे करतो.

तिसरे पथ्य असे की खेळ संपला म्हणजे धडा संपला नाही. खेळानंतर दहा मिनिटे सर्वांनी बसावे आणि काय घडले, का घडले, घरी जाऊन याचे काय करावयाचे, हे बोलावे. ही बैठक राहिली तर उरते ती नुसती करमणूक. लष्करातले अधिकारीही टेकडी उतरल्यावर चर्चेला बसतात.

चौथे पथ्य, सर्व काही चालून शिकता येत नाही. शुद्धलेखन बसूनच करावे लागते, आणि चांगले पुस्तक तर एकट्यानेच वाचावे लागते. हालचाल ही दाराची कडी आहे. आत गेल्यावर बसावयाचेच आहे. आमच्या वर्गाचा शेवटचा अर्धा तास आता निव्वळ वाचनाचा असतो, आणि त्या वेळी कोणी चुळबुळ करीत नाही.

वर्ग अजून चालू आहे. नऊवर आलेली संख्या सतरापर्यंत परत गेली. चोवीस काही झाली नाही. जे गेले त्यांतल्या काहींना आम्ही पुन्हा निरोप पाठविला आहे. पहिल्या सहा रविवारांचा दोष त्यांचा नव्हता, हेही त्यांत कळविले आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांपुढे मराठी टिकविण्याचा प्रश्न आला की आपण मुलांकडे बोट दाखवितो. आमचा अनुभव असा की मुलांच्या आधी घरात नव्याने आलेल्या आणि घरातच मागे राहिलेल्या मोठ्या माणसांकडे वळावे. त्यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. अंगण, खडू आणि भाजीची टोपली एवढे पुरते. आणि आरंभी काही शिकवावयाचेच असेल, तर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक शिकवावा. हा सारा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणत लिहिला, कारण प्रयोग आम्हां चौघांचा होता. पुढचे काम मात्र आपण करावयाचे आहे.